मॅक्रो कीबोर्डची बटणे मध्येच भलते काम करतात तेव्हा: कोरल, फोटोशॉप आणि मराठी टायपिंग असलेल्या संगणकावरील तपासणी

लग्नपत्रिका, फ्लेक्स, बेदाण्याच्या पेट्यांची लेबले आणि हळदीच्या पिशव्यांची डिझाइने करणाऱ्या सांगली-मिरजेतील काही दुकानांत मुख्य कीबोर्डच्या डाव्या बाजूला नऊ किंवा बारा बटणांचा छोटा मॅक्रो कीबोर्ड, म्हणजे एका बटणात ठरावीक आज्ञा किंवा कळांची मालिका देणारा पॅड, दिसू लागला आहे. कोणी तो तयार विकत घेतलेला असतो, कोणी प्रो मायक्रो किंवा रास्पबेरी पाय पिको या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डवर स्वतः सोल्डर करून बनवलेला असतो. त्याबाबतची एक तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते आणि तिचे वर्णन जवळजवळ सारखेच असते. सकाळी सर्व बटणे बिनचूक चालतात, दुपारी त्यांतील काही चालेनाशी होतात किंवा भलतेच काम करतात, संगणक बंद करून पुन्हा सुरू केला की सारे ठीक होते आणि दोन-तीन तासांनी तोच प्रकार परत घडतो. या टप्प्यावर बहुतेक जण स्विच बदलतात, फर्मवेअर (पॅडच्या आतील प्रोग्राम) पुन्हा भरतात किंवा पॅड खराब निघाला असे ठरवून तो बाजूला ठेवून देतात. माझ्या मते या तक्रारीत पॅडचा दोष क्वचितच असतो, म्हणून पेचकस हाती घेण्यापूर्वी संगणकाकडे पाहावे.

त्यामागचे कारण समजण्यासाठी पॅड संगणकाला नेमके काय पाठवतो हे लक्षात घ्यावे लागेल. यूएसबी कीबोर्ड अक्षर पाठवत नाही, तो फक्त कळेच्या जागेचा क्रमांक पाठवतो. मानक यादीत ए या कळेचा क्रमांक ४ आहे, पी या कळेचा १९ आहे आणि झेडचा २९. पॅडवरील बटणावर आपण ‘पानाच्या मध्यभागी आणा’ असे नाव चिकटवलेले असले, तरी पॅडला त्या आज्ञेची काहीच कल्पना नसते. त्याच्याकडून १९ हा आकडा जातो, त्या आकड्याचे अक्षर कोणते हे विंडोज त्या क्षणी चालू असलेल्या भाषेच्या लेआउटवरून, म्हणजे कोणत्या कळेला कोणते अक्षर या मांडणीवरून, ठरवते, आणि त्या अक्षराचे काय करायचे हे कोरल किंवा फोटोशॉप ठरवते. पॅड मराठी दुकानात ज्या परिस्थितीत काम करतो त्या परिस्थितीचा विचार त्याच्याबरोबर येणाऱ्या सूचनांत सहसा नसतो, कारण त्या सूचना एकच इंग्रजी लेआउट कायम चालू राहील असे गृहीत धरून लिहिलेल्या असतात.

बिघाड कोणत्या पायरीवर आहे

सर्वांत आधी बिघाड पॅडमध्ये आहे की पॅडच्या पुढे, याचा निकाल लावावा. पॅडचे फर्मवेअर क्यूएमके (कीबोर्डसाठीचे मुक्त फर्मवेअर) असून त्यात व्हायाची, म्हणजे ब्राउझरमधून बटणांची नेमणूक बदलण्याच्या साधनाची, सोय असेल, तर क्रोम किंवा एज ब्राउझरमधून व्हाया उघडून त्यातील ‘की टेस्टर’ या भागात जावे आणि तेथे ‘टेस्ट मॅट्रिक्स’ चालू करावे. ही चाचणी विंडोजच्या लेआउटला वळसा घालून थेट पॅडकडून माहिती घेते. बिघाड चालू असतानाच ही चाचणी करणे महत्त्वाचे आहे, कारण संगणक पुन्हा सुरू केल्यावर पुरावाच नाहीसा होतो. प्रत्येक बटण दाबताच पडद्यावरील चौकट उजळत असेल, तर स्विच, सोल्डर, डायोड आणि केबल निर्दोष आहेत असे मानून पुढे जावे. एखादी चौकट उजळत नसेल किंवा एकदा दाबून दोनदा लुकलुकत असेल, तरच लेखाच्या शेवटच्या भागाकडे वळावे.

दुसरी खूण त्याहून सोपी आहे. कोणती बटणे बिघडली आणि कोणती चालू राहिली, याची यादी कागदावर लिहून काढावी. कंट्रोल-झेड, कंट्रोल-एस, कोरलमधील कंट्रोल-क्यू अशी कंट्रोलसहित आज्ञा देणारी बटणे चालू आहेत, पण एकाच अक्षराची, कंसाची किंवा मजकूर टाइप करणारी बटणे बिघडली आहेत, असे चित्र दिसले तर लेआउट बदलला आहे असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते. इनस्क्रिप्ट हा देवनागरीचा मानक लेआउट चालू असतानाही विंडोज कंट्रोलसहित आलेल्या कळा बहुधा इंग्रजी जागेनुसारच ओळखते, म्हणून ती बटणे टिकून राहतात; सुट्या अक्षरांना मात्र तो आधार नसतो.

मुख्य कारण: नकळत बदललेली भाषा

कोरलमध्ये वस्तू निवडून फक्त पी दाबले की ती पानाच्या मध्यभागी येते, आणि अनेकांच्या पॅडवर हे बटण असतेच. इनस्क्रिप्टमध्ये पीच्या जागी ज आहे. मराठी लेआउट चालू असताना आणि लेबलावरील मजकुरात टायपिंगची काडी (कर्सर) उभी असताना हे बटण दाबले, तर ‘तासगाव बेदाणा’ या ओळीच्या शेवटी गुपचूप एक ज येऊन बसतो आणि वस्तू जागची हलत नाही. फोटोशॉपमध्ये ब्रशचा आकार कमी-जास्त करण्यासाठी चौकोनी कंसांच्या कळा असतात आणि पॅडवरील गोल नॉब बहुधा त्यांनाच जोडलेला असतो. इनस्क्रिप्टमध्ये डाव्या चौकोनी कंसाच्या जागी ड आणि उजव्याच्या जागी नुक्ता असल्यामुळे नॉब कितीही फिरवला तरी ब्रश तसाच राहतो, आणि मजकुराचा स्तर उघडा असेल तर तेथे ‘डडडड’ उमटते. फाइलच्या नावाला इंग्रजीत प्रूफ हा शब्द जोडणारा मॅक्रो केलेला असेल, तर त्याच पाच कळांतून ‘जीददि’ असा मजकूर तयार होतो. ही तीन उदाहरणे मुद्दाम देत आहे, कारण यांतील एक जरी पडद्यावर दिसले तरी पुढची शोधाशोध थांबवता येते.

आता खरा प्रश्न असा की आपण भाषा बदललेली नसताना ती बदलते कशी. विंडोजमध्ये डावी ऑल्ट आणि शिफ्ट या कळांची जोडी भाषा बदलण्यासाठी, तर कंट्रोल आणि शिफ्ट ही जोडी त्या भाषेतील लेआउट बदलण्यासाठी नेमलेली असते किंवा असू शकते. या दोन कळा दाबून, मध्ये तिसरी कळ न दाबता सोडल्या की बदल होतो. डिझाइनरच्या हातून हे दिवसभर घडत असते. इलस्ट्रेटरमध्ये लोगो मध्यबिंदू कायम ठेवून प्रमाणात मोठा करायचा तर ऑल्ट आणि शिफ्ट दाबून माउस ओढावा लागतो. कोरलमध्ये मध्यबिंदूपासून नेमका चौरस किंवा वर्तुळ काढायचे तर कंट्रोल आणि शिफ्ट. आकार हवा तसा झाला की बोटे कळांवरून उठतात आणि त्याच क्षणी टास्कबारच्या कोपऱ्यातील इंग्रजीची खूण जाऊन मराठीची येते. त्या वेळी नजर आकृतीवर असते. त्यानंतर दहा मिनिटांनी पॅडवरील बटण दाबले जाते आणि दोष पॅडच्या माथी जातो. संगणक पुन्हा सुरू केल्यावर सारे ठीक का होते, याचेही उत्तर यातच आहे: सुरू होताना विंडोज मूळ ठरवलेल्या भाषेवर परत येते आणि ती बहुतेक ठिकाणी इंग्रजी असते.

उपाय दोन मिनिटांचा आहे. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज उघडून ‘टाइम अँड लँग्वेज’, त्यात ‘टायपिंग’, त्यात ‘ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज’ आणि तेथून ‘इनपुट लँग्वेज हॉट कीज’ येथे जावे. ‘चेंज की सीक्वेन्स’ दाबल्यावर भाषा आणि लेआउट अशा दोन बाजू दिसतात. दोन्ही बाजूंना ‘नॉट असाइन्ड’ निवडावे. यापुढे भाषा बदलण्यासाठी विंडोजची कळ आणि स्पेसबार ही जोडी वापरावी, जी ओढकामात चुकून दाबली जाण्याचा संभव जवळजवळ नाही. त्याच पानावर प्रत्येक ॲपच्या खिडकीसाठी वेगळी भाषा लक्षात ठेवण्याचा पर्यायही आहे. व्हॉट्सॲपवर ग्राहकाला मराठीत उत्तर द्यायचे आणि लगेच इलस्ट्रेटरमध्ये परतायचे, अशी सवय असलेल्यांनी तो जरूर चालू करावा, म्हणजे एका खिडकीतील मराठी दुसऱ्या खिडकीत शिरणार नाही.

जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांवर काम करणाऱ्यांची अडचण थोडी वेगळी असते. श्री-लिपीसारख्या सॉफ्टवेअरचा स्वतःचा टायपिंग कीबोर्ड असतो आणि तो चालू असताना कळा मध्येच पकडून त्यांच्या जागी फाँटमधील खुणा पाठवल्या जातात. विंडोजच्या दृष्टीने भाषा इंग्रजीच असल्यामुळे टास्कबारवर इंग्रजीची खूण कायम दिसते आणि वर सांगितलेली तपासणी फसवी ठरते. अशा वेळी तो टायपिंग कीबोर्ड बंद करून तेच बटण पुन्हा दाबून पाहावे. विंडोजच्या मराठी फोनेटिक कीबोर्डचेही असेच आहे: तेथे इंग्रजी अक्षरे आधी एका तात्पुरत्या शब्दात गोळा होतात आणि मग देवनागरी होतात, त्यामुळे एका अक्षराचा शॉर्टकट सॉफ्टवेअरपर्यंत पोहोचण्याऐवजी त्या शब्दात अडकतो.

कायमचा बंदोबस्त

हॉट की बंद केल्याने नकळत होणारा बदल थांबतो, पण ऑपरेटर मुद्दाम मराठी टाइप करत असेल तेव्हा काय करायचे हा प्रश्न उरतोच, आणि आपल्याकडे तो दिवसातून शंभर वेळा येतो. ओळ मराठीत टाइप करायची, लगेच ती मध्यभागी आणायची, पुन्हा टाइप करायचे, असेच पत्रिकेचे काम चालते. दर वेळी भाषा बदलत बसायचे असेल तर पॅड घेऊन वाचलेला वेळ तेथेच संपतो. म्हणून मी आग्रहाने सांगतो, की पॅडवरून अक्षरे पाठवणेच सोडून द्यावे.

साध्या कीबोर्डवर एफ-१ ते एफ-१२ कळा असतात, परंतु यूएसबीच्या मानक यादीत एफ-२४ पर्यंत कळांना क्रमांक दिलेले आहेत आणि विंडोज त्या ओळखते. एफ-१३ ते एफ-२४ या बारा कळांना कोणत्याही लेआउटमध्ये अक्षर नसते, त्यामुळे मराठी चालू असो वा इंग्रजी, त्या बदलत नाहीत. व्हायामध्ये पॅडच्या बटणांवर याच कळा नेमाव्यात आणि त्यांचा अर्थ लावण्याचे काम संगणकावरील ऑटोहॉटकी या मोफत सॉफ्टवेअरकडे सोपवावे. त्याचा आणखी एक मोठा लाभ होतो: कोणती खिडकी पुढे आहे हे ऑटोहॉटकीला कळत असल्यामुळे तेच बटण कोरलमध्ये एक काम आणि फोटोशॉपमध्ये दुसरे काम करू शकते, आणि त्यासाठी पॅडवर लेयर (बटणांच्या नेमणुकीचा दुसरा संच) बदलण्याची गरज राहत नाही.

येथे एका बारकाव्याकडे दुर्लक्ष झाले तर केलेले सारे श्रम वाया जातात. ऑटोहॉटकीच्या स्क्रिप्टमध्येही पी हे अक्षर पाठवण्याची आज्ञा लिहिली, तर तेही चालू लेआउटच्या आधारानेच पाठवले जाते आणि आपण फिरून त्याच जागी येतो. म्हणून अक्षराऐवजी कळेचा व्हर्च्युअल की-कोड (विंडोजमध्ये त्या कळेला दिलेला ठरावीक आकडा) लिहावा. षोडशमान पद्धतीत पीचा कोड ५० आहे आणि झेडचा ५ए. याउलट फाइलच्या नावासारखा मजकूर टाकायचा असेल तेव्हा ‘सेंडटेक्स्ट’ ही आज्ञा वापरावी, कारण ती कळा न पाठवता थेट युनिकोड अक्षरे पाठवते. म्हणूनच तिच्यातून ‘अंतिम प्रूफ’ असे मराठी शब्दही इंग्रजी लेआउट चालू असताना बिनचूक उमटतात. कोरल ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून चालवण्याची पद्धत काही दुकानांत आहे. तसे असेल तर ऑटोहॉटकीही त्याच अधिकाराने चालवावे लागते, अन्यथा विंडोज सुरक्षेच्या कारणाने कळा अडवते आणि बटण मृत झाल्यासारखे वाटते.

एक गोष्ट मात्र ऑटोहॉटकीच्या आवाक्याबाहेर राहते. मजकुरात टायपिंगची काडी उभी असेल, तर सुट्या पीला कोरल इंग्रजी लेआउटमध्येही शॉर्टकट मानत नाही, अक्षरच मानते. त्यामुळे अशा आज्ञांना कोरलच्या कस्टमायझेशनमधून कंट्रोल किंवा ऑल्टसहित दुसरा शॉर्टकट नेमून देणे आणि बटणाला तोच जोडणे श्रेयस्कर आहे. तसे करताना उजवी ऑल्ट टाळावी. भारतीय लेआउटमध्ये ती जादा अक्षरांसाठी राखलेली असते आणि विंडोज तिला कंट्रोल-ऑल्ट असे समजते. कंट्रोल-ऑल्टसोबत बाणांच्या कळाही टाळाव्यात, कारण इंटेलच्या जुन्या ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये त्यांनी पूर्ण पडदा आडवा होतो.

मॅक्रो अर्धवट चालतो किंवा कळ अडकून राहते

लेआउट ठीक असूनही अनेक टप्प्यांचा मॅक्रो कधी पूर्ण होतो आणि कधी अर्ध्यावर थांबतो, तेव्हा वेगाची शंका घ्यावी. पॅड काही मिलीसेकंदांत सर्व कळा पाठवून मोकळा होतो, पण मोठी फ्लेक्सची फाइल उघडी असताना डायलॉग पडद्यावर यायला वेळ लागतो आणि त्यासाठी पाठवलेले आकडे मागच्याच खिडकीत पडतात. व्हायाच्या मॅक्रोमध्ये दोन कळांच्या मध्ये महिरपी कंसात मिलीसेकंदांचा आकडा लिहिला की तेवढा विराम मिळतो. ५० पासून सुरुवात करून, तुमच्याकडील सर्वांत जड फाइल उघडी ठेवून तो वाढवत न्यावा. हलक्या फाइलवर ठरवलेला विराम ऐन लग्नसराईत दगा देतो.

बटण दाबल्यानंतर माउसचे चाक फिरवताच झूम होऊ लागले किंवा प्रत्येक क्लिक विचित्र वागू लागला, तर कंट्रोल किंवा शिफ्ट आत अडकली आहे. मॅक्रोमध्ये कळ दाबण्याची नोंद आहे पण सोडण्याची नाही, असे बहुधा आढळते. मुख्य कीबोर्डवरील त्या कळा एकेकदा दाबून सोडल्या की तात्पुरती सुटका होते. मॅक्रो दुरुस्त करणे नंतर आलेच. पॅडवर नमपॅडचे आकडे नेमले असतील तर नम लॉक बंद होताच ते बाण होतात आणि कोरलमध्ये निवडलेली वस्तू किंचित सरकते. छपाई झाल्यावरच लक्षात येणारी ही चूक असल्यामुळे नमपॅडचे आकडे पॅडवर ठेवूच नयेत.

पॅड मध्येच बंद पडून पुन्हा जोडला जातो

यूएसबी निघाल्याचा आणि जोडल्याचा आवाज मधूनमधून येत असेल, तर हिशेब विजेचा करावा. पॅडच्या बटणांखाली सहसा डब्ल्यूएस-२८१२-बी प्रकारचे रंगीत एलईडी असतात आणि पूर्ण पांढऱ्या प्रकाशात असा एक एलईडी सुमारे ६० मिलीअँपिअर घेऊ शकतो. नऊ बटणांचे ५४० झाले, तर यूएसबी २.० चा पोर्ट ५०० पर्यंतच देतो. त्यात तो पोर्ट एका साध्या हबचा असेल आणि त्याच हबवर पेन टॅब्लेट आणि सॉफ्टवेअरचे डोंगल लावलेले असेल, तर पॅड कोसळणे अटळ आहे. प्रकाश कमी करावा किंवा पांढऱ्याऐवजी एकच रंग ठेवावा, आणि पॅड संगणकाच्या मागील पोर्टमध्ये थेट लावावा. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समधील ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करून पाहावे. केबल बदलताना ती केवळ चार्जिंगची नाही याची खात्री करून घ्यावी, कारण तशा केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात आणि पॅडचे दिवे लागूनही संगणकाला तो दिसत नाही.

दोष खरोखर स्विचचा असेल तर

एकदा अनडू दाबून दोन पायऱ्या मागे जाणे हे स्विचच्या संपर्काची पत्री थरथरत असल्याचे लक्षण आहे. क्यूएमकेमध्ये ही थरथर गाळण्यासाठी ५ मिलीसेकंदांचा अवधी मुळात ठरवलेला असतो आणि तो १० केला तरी डिझाइनच्या कामात हाताला फरक जाणवत नाही. हॉट-स्वॅप सॉकेट (सोल्डर न करता स्विच काढता-घालता येणारे) असतील तर बिघडलेला स्विच शेजारच्या जागी आणि शेजारचा याच्या जागी लावावा. दोष स्विचबरोबर गेला तर स्विच बदलावा. जागेवरच राहिला तर सॉकेटचे सोल्डर पुन्हा तापवावे. स्विच बसवताना त्याची एखादी पिन वाकून सॉकेटच्या बाहेर राहणे ही फार नेहमीची गोष्ट आहे, म्हणून काढल्यावर आधी पिनांकडे पाहावे. एक पूर्ण ओळ किंवा पूर्ण स्तंभ एकदम बंद असेल, तर स्विचांना हात न लावता बोर्डच्या त्या एका पिनची तार तपासावी. नॉबचे दोन टप्पे फिरवल्यावर एकच पायरी पुढे सरकत असेल, तर फर्मवेअरमधील एन्कोडर रिझोल्यूशन ४ वरून २ करावे.

फर्मवेअर पुन्हा भरण्यापूर्वी व्हायामधून चालू मांडणीची फाइल जतन करून ठेवावी, कारण नवे फर्मवेअर भरताना ती मांडणी पुसली जाऊ शकते.

सर्व बदल झाल्यावर चाचणी इंग्रजीत करू नये. मुद्दाम मराठी लेआउट चालू करावा, कोरलमध्ये एक रिकामे पान घेऊन त्यावर दोन मराठी ओळी आणि एक चौकोन ठेवावा, आणि एकदा चौकोन निवडून, एकदा मजकुरात काडी ठेवून प्रत्येक बटण क्रमाने दाबावे. ज्या बटणाने मजकुरात एखादे अक्षर उमटेल ते बटण अजूनही अक्षरच पाठवत आहे. तेवढेच परत व्हायामध्ये किंवा स्क्रिप्टमध्ये दुरुस्त करावे.